मदत हवी आहे: पाळीच्या सुमारास वाढणाऱ्या फिट्स आणि अ‍ॅलोप्रेग्ननोलोन

धाकट्या बहिणीला एपिलेप्सी आहे. गोळ्या वेळेवर घेते, तरी फिट्स बहुतेक पाळीच्या आगेमागेच येतात. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, कॅटामेनियल (पाळीच्या चक्राशी जोडलेली) एपिलेप्सी असावी, तारखा लिहून ठेवा. मग मी वाचायला बसले आणि गोंधळात पडले.

कळलं ते असं. प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्ननोलोन बनतं, मेंदूतसुद्धा. गाबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं द्रव्य; ते जिथे काम करतं त्या गाबा-ए रिसेप्टरला अ‍ॅलोप्रेग्ननोलोन चिकटलं की गाबाचा जोर वाढतो, क्लोराइड पेशीत शिरतं आणि पेशी सहजी पेटत नाही. पाळी तोंडावर आली की प्रोजेस्टेरॉन झपकन उतरतं, हा लगाम सैल होतो. इथवर पटलं.

पण पीएमडीडीत (पाळीआधी मनाचा तीव्र त्रास होणारा आजार) त्रास सुरू होतो तो पाळीआधीच्या पंधरवड्यात, हे द्रव्य भरपूर असताना! शांत करणारंच चिडचिड कसं करतं? आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेलं ब्रेक्सानोलोन म्हणजे हेच ना? मग बहिणीला का नाही चालणार?

प्रतिसाद

ताई, हो, तेच. पण ते शिरेतून सलग ६० तास द्यावं लागायचं, खूप गुंगी येऊ शकायची, शुद्धही हरपू शकायची, म्हणून सतत देखरेख लागायची. दर महिन्याला करायची गोष्ट नव्हती. त्याचा तोंडाने घेता येणारा भाऊबंद गॅनाक्सोलोन २०२२ मध्ये मंजूर झाला, तोही सीडीकेएल५ या दुर्मीळ जनुकीय आजारातल्या फिट्सपुरता.

पीएमडीडीत हार्मोनची पातळी साधारण इतरांइतकीच सापडते, फरक मेंदूच्या प्रतिसादात असतो. गाबा-ए रिसेप्टर पाच तुकड्यांचा, आणि तुकडे सगळीकडे सारखे नसतात, म्हणून प्रतिसादही बदलू शकतो. उंदरांमध्ये प्रोजेस्टेरॉन अचानक काढून घेतलं तर अल्फा-४ तुकडा वाढतो. असा रिसेप्टर डायझेपामसारख्या शांत करणाऱ्या औषधांना फारशी दाद देत नाही.

प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. २०१२ च्या मोठ्या चाचणीत सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांच्या फिट्स पाळीच्या दिवसांत तिप्पट किंवा त्याहून जास्त होत, त्यांनाच झाला. तुमची बहीण त्यात बसते का, हे तारखांवरूनच ठरेल. पाळीचा पहिला दिवस, प्रत्येक फिट आणि चुकलेली गोळी, तिन्ही लिहा.

धागाकर्ती

चुकलेली गोळी लिहितच नव्हतो! आजपासून लिहिते. पाळी अनियमित असेल तर 'आगेमागे' म्हणजे नेमके कोणते दिवस धरायचे?