शब्दचर्चा : गोळी फुटते, औषध विरघळतं

शब्दवेडा :
औषधी गोळ्या तयार करणाऱ्या विभागासाठी कामाच्या सूचना मराठीत करायच्या आहेत. वाचणारे म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर उभे असलेले ऑपरेटर. मसुद्यात डिसइंटिग्रेशन आणि डिसोल्यूशन या दोन्हींना ‘विरघळणे’ लिहिलंय, ग्रॅन्युलेशनला ‘कणीकरण’, आणि कॅपिंग-लॅमिनेशनला नुसतंच ‘गोळी तुटणे’. कुठे चुकतंय?

खलबत्ता :
‘विरघळणे’ आधी काढा. मिठाचा खडा पाण्यात विरघळतो. मातीचं ढेकूळ पाण्यात फुटतं, विरघळत नाही. डिसइंटिग्रेशन म्हणजे ढेकूळ फुटणं. सहा उभ्या नळ्या, तळाला साधारण 2 मिमीची जाळी, 37 अंशांचं पाणी आणि मिनिटाला सुमारे 30 वेळा वर-खाली. गोळीचे कण होऊन जाळीतून गेले की काम झालं. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या दर्जाचं अधिकृत भारतीय पुस्तक) लेप नसलेल्या साध्या गोळीला यासाठी 15 मिनिटं, फिल्म कोटिंगवाल्या गोळीला 30. त्या पाण्यात औषध उतरलं की नाही, हे इथे कुणी बघतच नाही.

ते बघतं डिसोल्यूशन. भांड्यात बहुतेकदा 900 मिलि द्रव, पॅडल मिनिटाला 50 किंवा 75 फेरे, ठरलेल्या वेळेला नमुना काढून किती टक्के औषध द्रवात आलं ते मोजायचं. गोळी 3 मिनिटांत फुटूनही यात नापास होऊ शकते.

मराठीत लिहिताना कर्ता बदला, गोंधळ आपोआप मिटतो : गोळी फुटते, औषध विरघळतं.

शब्दवेडा :
‘विघटन’ का नको? शास्त्रीय वाटतो.

खलबत्ता :
कारण स्टॅबिलिटीच्या, म्हणजे औषध किती काळ टिकतं त्या चाचणीच्या, कागदात ‘औषधाचं विघटन’ म्हणजे औषध रासायनिकरीत्या बिघडणं. एकाच फाइलीत एका पानावर विघटन झालंच पाहिजे आणि दुसऱ्या पानावर विघटन होता कामा नये, अशी गंमत होईल.

चाळणी :
पण नुसतं ‘फुटणे’ही अपुरं आहे. गोळ्यांना लेप देणाऱ्या फिरत्या कोटिंग पॅनमध्ये गोळ्या आपटून फुटतात, त्यालाही माणसं ‘फुटली’च म्हणतात. म्हणून ‘पाण्यात फुटण्याचा वेळ’ असं पूर्ण लिहा. लांब झालं तरी चालेल.

फ्रायबिलिटीला (गोळ्या फिरत्या ड्रममध्ये घालून करायची चाचणी) कुणी ‘ठिसूळपणा’ सुचवण्याआधी सांगतो : मोजली जाते ती झीज. मिनिटाला 25 फेऱ्यांच्या वेगानं 4 मिनिटं, म्हणजे ड्रमचे 100 फेरे, आणि धूळ झटकून पुन्हा वजन. घट साधारण 1 टक्क्याच्या आत हवी. एखादी गोळी तडकली वा दुभंगली तर वजनाचा आकडा कितीही चांगला असो, चाचणी नापास. तेव्हा रकान्याचं नाव ‘झीज’ आणि खाली ‘तडकलेल्या गोळ्या’ असा वेगळा रकाना.

आता ‘कणीकरण’. हा शब्द वाचून दळण आठवतं. तांदूळ भरडले की कणी होते, म्हणजे मोठ्याचं लहान. ग्रॅन्युलेशनमध्ये नेमकं उलटं घडतं : पिठासारखी भुकटी एकत्र बांधून तिचे दाणे करायचे. नुसती भुकटी हॉपरमधून (माल ओतायचं नरसाळं) नीट वाहत नाही, डाय (गोळीचा साचा) कधी कमी भरते कधी जास्त, आणि गोळीचं वजन हलतं. 250 मिग्रॅ किंवा जास्त वजनाच्या गोळीला सरासरीपासून 5 टक्केच सूट आहे. ‘दाणे बांधणे’ म्हणा. दाणे बांधणाऱ्या चिकट पदार्थाला, म्हणजे बाइंडरला, मग ‘बांधणी’ म्हणायचा मोह होईल. तो आवरा, बाइंडरच राहू द्या.

मुटका :
या टप्प्यासाठी स्वयंपाकघरात तयार शब्द आहे, तोही अचूक. आरएमजीतला (दाणे बांधायचं मिक्सर यंत्र) ओला माल मुठीत दाबला की मुटका वळला पाहिजे, आणि बोटानं दाबल्यावर तो दोन-तीन तुकड्यांत मोडला पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटला तर जास्त.

दोन्ही चुका पुढे वेगवेगळ्या दिसतात. पाणी कमी पडलं तर दाण्यांसोबत भुकटी राहते, भुकटीत हवा अडकते, आणि कॉम्प्रेशनला, म्हणजे दाबून गोळी करताना, गोळीची टोपी उडते. जास्त झालं तर मोठे गोळे बनतात. एफबीडीत (गरम हवेनं दाणे वाळवायचं यंत्र) त्यांचं कवच वाळतं आणि गाभा ओला राहतो. वरवर माल कोरडा. पुढे मिलिंगमध्ये तो गोळा फोडला की आतली ओल बाहेर येते आणि माल पंचाला (गोळी दाबणारा दांडा) चिकटतो.

मात्र बॅच रेकॉर्डमध्ये (त्या खेपेच्या कामाची नोंद) ‘मुटका वळेपर्यंत’ एवढंच लिहू नका. बाइंडरचं वजन, इम्पेलर आणि चॉपर (आरएमजीतली ढवळणारी आणि तोडणारी पाती) किती मिनिटं फिरले, अँपिअर किती चढले, हे आकडे हवेत.

शब्दवेडा :
एलओडीला (लॉस ऑन ड्राइंग) ‘ओलावा’?

मुटका :
बोलताना ठीक. कागदावर ‘वाळवल्यावरची घट’. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं असेल तर उडून जातं तेही, नुसतं पाणी नव्हे. 5.00 ग्रॅमचा नमुना 4.90 ग्रॅम उरला तर घट 2 टक्के. किती तापमानाला वाळवला तेही लिहा, नाहीतर त्या 2 टक्क्यांना अर्थ नाही.

चाळणी :
कॅपिंग आणि लॅमिनेशन ‘तुटणे’मध्ये कोंबू नका. वरची वाटी सुटी होते ते ‘टोपी सुटणे’. गोळीचे आडवे थर वेगळे होतात ते ‘पदर सुटणे’. शिळ्या करंजीसारखे, हो. हसू येईल, पण दिसतं तेच नाव आहे. वेग कमी करणे, प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) वाढवणे, माल जास्त वाळलाय का ते बघणे, आणि डायच्या आत झिजून कडं पडलंय का हे तपासणे : बहुतेकदा उत्तर या चारांत सापडतं. नुसता दाब वाढवला तर टोपी अजून सुटते.

स्टिकिंग म्हणजे पंचाच्या तोंडाला माल चिकटणे, हे सोपं. पिकिंगला ‘अक्षर भरणे’ म्हणा : कोरलेल्या अक्षराच्या बंद पोटात, उदाहरणार्थ 8 किंवा 0 च्या आत, माल अडकतो आणि गोळीवरून तेवढा टवका निघतो.

शब्दवेडा :
मसुद्यात एक ओळ अशी आहे : ‘शेवटी वंगण टाकून मिसळावे.’

खलबत्ता :
अरे बाप रे. वंगण म्हणजे कारखान्यात गिअरबॉक्सचं तेल-ग्रीस. मालाजवळ तो शब्द येताच कामा नये. इंग्रजीतही दोन्हींना लुब्रिकंटच म्हणतात, पण म्हणून आपण ती पंचाईत उचलायला नको. पदार्थाचं नाव लिहा : ‘मॅग्नेशियम स्टिअरेट 60 मेशच्या चाळणीतून चाळून शेवटी टाकावे.’ प्रमाण साधारण 0.25 ते 1 टक्का, आणि नेमकी मिनिटं बॅच रेकॉर्डप्रमाणे. बहुधा 2 ते 5 असतात. ‘चांगले मिसळावे’ तर मुळीच लिहू नका. जास्त फिरवलं की ते दाण्यांवर मेणासारखं पसरतं, पाण्याला आत शिरू देत नाही. गोळी मऊ होते आणि औषध विरघळायला उशीर लागतो.

शब्दवेडा :
म्हणजे ‘ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त फिरवू नये’.

खलबत्ता :
हो. आणि ब्लेंडरचे फेरे किती, तेही त्याच ओळीत.