आर्सेनलवरची पुस्तकं जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

पेठकरी
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि आपल्या पेठेची टीम, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. पण २००३-०४ मध्ये टीव्हीवर लंडनचा आर्सेनल क्लब बघायला लागलो. त्या मोसमात इंग्लंडच्या लीगचे ३८ सामने खेळून ते एकही हरले नाहीत. तेव्हापासून हा क्लबही आपलाच झाला.

आता दर महिन्याला एखादं पुस्तक घेण्याइतकी सोय झाली आहे. घरात भेट आलेले दोन मोठे फोटोंचे ग्रंथ आहेत, पण त्यांत वाचायला फार काही नाही. मला क्लबमधली माणसं आणि आतल्या गोष्टी वाचायच्या आहेत. कुठल्या क्रमाने घेऊ? छपाई बंद झालेली जुनी पुस्तकं शोधण्यात अर्थ आहे का? इंग्रजी वाचतो, पण फार अलंकारिक असलं की रेंगाळतं.

उत्तरस्टँड
पेठकरी, १८८६ पासून क्रमाने वाचायला जाऊ नका. वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातले कामगार, डायल स्क्वेअर हे पहिलं नाव, १९१३ मध्ये टेम्स ओलांडून उत्तर लंडनमधल्या हायबरीला येणं, हे सगळं माणसांची ओळख झाल्यावर जास्त रंगतं. आधी एकच सामना धरा : २६ मे १९८९, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड.

हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते दगावले, त्या दुर्घटनेमुळे पुढे गेलेला, मोसमातला शेवटचा सामना. लिव्हरपूलला त्यांच्याच घरात दोन गोलांनी हरवलं तरच विजेतेपद. दुसऱ्या अर्ध्यात ॲलन स्मिथने पहिला गोल केला आणि भरपाईच्या वेळेत मायकल थॉमसने दुसरा. दोघांचे गुण ७६, गोलफरकही सारखा. आर्सेनलचे एकूण गोल ७३ आणि लिव्हरपूलचे ६५, एवढ्यावर लीग मिळाली, तीही १८ वर्षांनी.

ही एक रात्र तीन पुस्तकांतून वाचा. निक हॉर्नबीचं 'फीव्हर पिच' (१९९२) आधी. हा माणूस मैदानावर नव्हता, घरी टीव्हीसमोर होता, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच. प्रत्येक प्रकरणाला एका सामन्याचं आणि तारखेचं शीर्षक आहे. सुरुवात १९६८ च्या स्टोक सिटीविरुद्धच्या सामन्यापासून. आईवडील वेगळे झालेले, आणि या मुलाला वडिलांशी बोलायला विषय मिळतो तो फुटबॉलचा. दुसरं, त्या संघाचा कर्णधार टोनी ॲडम्सचं 'ॲडिक्टेड' (१९९८). तिसरं एमी लॉरेन्सचं '८९', ज्यात त्या रात्रीशी जोडलेली माणसं स्वतःच्या शब्दांत बोलतात. चाहता, कर्णधार आणि बाकीचे साक्षीदार असे शेजारी ठेवून वाचलेत की पुढे कुठलं पुस्तक घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मृदगंध
'ॲडिक्टेड'ला माझा पूर्ण दुजोरा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल १९९० च्या डिसेंबरात कर्णधार तुरुंगात जातो, आणि १९९६ मध्ये आपण व्यसनी आहोत हे जगासमोर सांगतो. पुढे त्याने खेळाडूंसाठी व्यसनमुक्तीचं केंद्र काढलं. फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या माझ्या मावसभावाला मी हे दिलं होतं. त्याने परत दिलंच नाही, आणि मला त्याचा आनंद आहे.

शेरलॉकप्रेमी
रहस्यकथा आवडत असतील तर लिओनार्ड ग्रिबलची 'द आर्सेनल स्टेडियम मिस्टरी' (१९३९) सोडू नका. आर्सेनल आणि एका हौशी संघाचा सामना चालू असताना त्या संघातला खेळाडू मैदानात कोसळतो. मजा अशी की त्यात तेव्हाचे आर्सेनलचे खरेखुरे खेळाडू आणि मॅनेजर जॉर्ज ॲलिसन पात्रं म्हणून वावरतात. त्याच वर्षी सिनेमाही आला. ब्रिटिश लायब्ररीने जुन्या रहस्यकथांच्या मालेत ती पुन्हा छापली आहे, त्यामुळे जुनी प्रत शोधत बसायची गरज नाही.

अनघा_लंडन
जुन्या पुस्तकांबद्दल सांगते, माझा तोच छंद आहे. अर्थ नक्की आहे, पण थोडीच निवडा. बर्नार्ड जॉयचं 'फॉरवर्ड, आर्सेनल!' (१९५२) सर्वांत आधी. जॉय स्वतः आर्सेनलचा सेंटर हाफ, म्हणजे मधला बचावपटू, पगार न घेणारा हौशी खेळाडू, आणि १९३६ मध्ये इंग्लंडकडूनही खेळलेला. नंतर पत्रकार झाला. त्यामुळे १९३० च्या दशकाबद्दल तो लिहितो ते ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिलेलं आहे. त्याच्या जोडीला टॉम व्हिटेकरची आठवणींची गोष्ट (१९५७). खेळाडू, ट्रेनर, मग मॅनेजर, सगळं आयुष्य एका क्लबात. पदावर असतानाच १९५६ मध्ये तो गेला. आर्सेनलचा आधीचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमनच्या हाताखाली काम केलेल्या माणसाकडून चॅपमन वाचायला मिळतो. गिलेस्पी रोड ट्यूब स्टेशनचं नाव १९३२ मध्ये 'आर्सेनल' करून घेणारा तोच चॅपमन.

घेताना दोन गोष्टी बघा. वरचं कागदी वेष्टन शाबूत असेल तर किंमत कैक पटीने चढते. तुम्हाला वाचायचंच आहे, तर वेष्टन नसलेली किंवा ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत घ्या, मजकूर तोच असतो. आणि टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो, म्हणून तीन-चार एकदम एकाच विक्रेत्याकडून मागवा, किंवा इकडून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ठेवायला सांगा.

पेठकरी
अनघाताई, उत्तरस्टँड, सगळ्यांचेच मनापासून आभार. त्या अपराजित संघाचा मॅनेजर आर्सेन वेंगरचं आत्मचरित्र घेऊ का? माझ्यासाठी आर्सेनल म्हणजे आधी वेंगर.

उत्तरस्टँड
घ्या, पण शेवटी. 'माय लाइफ इन रेड अँड व्हाइट' (२०२०) मधला आल्सासच्या खेड्यातला, आईवडिलांच्या खानावळीत बसून मोठ्यांच्या फुटबॉलच्या गप्पा ऐकणारा मुलगा फार सुंदर उतरला आहे. आर्सेनलची २२ वर्षं मात्र हातचं राखून सांगितली आहेत.

मृदगंध
मला हे पटत नाही. तो मुळात कमी बोलणारा माणूस आहे, आणि तो संकोच पानापानांत जाणवतो. तोच मला खरा वाटला. हो, अपराजित मोसमाचे तपशील हवे असतील तर त्यासाठी एमी लॉरेन्सचं 'इन्व्हिन्सिबल' (२०१४) आहे. पेठकरींनी तो मोसम डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दोन्ही पाठोपाठ वाचायला आवडेल.

शेरलॉकप्रेमी
आणि आर्सेनलचा डच आघाडीवीर डेनिस बर्गकाम्प! त्याचं 'स्टिलनेस अँड स्पीड' (२०१३) बरंचसं संवादाच्या रूपात आहे, त्यामुळे भाषा जड जात नाही. २००२ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध चेंडू एका बाजूने आणि स्वतः दुसऱ्या बाजूने वळून केलेला गोल आठवतो ना? चेंडू पायात घेण्याआधी डोक्यात काय चाललेलं असतं, ते इतकं नेमकं सांगणारा दुसरा खेळाडू मी वाचलेला नाही.

कोकणकडा
पावसाळ्याचं बघा. कोल्हापुरात काय, आमच्याकडे चिपळुणात काय, जुलै-ऑगस्टात जुन्या बांधणीवर बुरशी धरतेच. भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, पुस्तकं दाटीने कोंबू नका, ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका. बाहेरून आलेली जुनी प्रत आठवडाभर वेगळी ठेवून, पानं झटकून मगच बाकीच्यांत लावा. कसर एका पुस्तकातून सगळ्या फळीत जाते.

पेठकरी
ठरलं. या महिन्यात 'फीव्हर पिच', पुढच्या महिन्यात 'ॲडिक्टेड', मग '८९'. अनघाताई, जॉयची वेष्टन नसलेली बरी प्रत दिसली तर इथेच कळवाल का? पैसे लगेच पाठवतो. दिवाळीत माझा मित्र रेडिंगहून घरी येणार आहे, तो घेऊन येईल.

अनघा_लंडन
नक्की. रेडिंग इथून जवळच आहे, प्रत मिळाली की थेट त्यांच्या पत्त्यावर पाठवते. पत्ता मात्र इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोपात कळवा.