बोलका अंक कागदावर उतरेना

प्रश्न: मजकूर, आवाज, व्हिडिओ एकत्र मांडणारं सॉफ्टवेअर लिहितोय. पडद्यावर झकास! काल काकू म्हणाली, "छापून दे रे, डोळे दुखतात," आणि पितळ उघडं पडलं. व्हिडिओच्या जागी काळा चौकोन, जांभळी पार्श्वभूमी गायब, जेएसपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीने काढलेल्या फाइलीत 'किल्ला'ची वेलांटी क सोडून ल वर बसलेली. कुठून सुरुवात करू?

खिळेजुळारी: वेलांटीपासून. युनिकोडमध्ये ती 'क'नंतर साठवतात, पण दिसते आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं शेपिंग इंजिन (अक्षरं नीट जुळवून मांडणारा प्रोग्राम) करतं, तुझी लायब्ररी करत नाही. पीडीएफ हेडलेस क्रोमकडून (खिडकी न उघडता चालणारा क्रोम ब्राउझर) काढ, तिथे हार्फबझ हे शेपिंग इंजिन आहे. शाई वाचवायला ब्राउझर पार्श्वभूमी गाळतो. सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये) 'प्रिंट-कलर-ॲडजस्ट: एक्झॅक्ट' लाव. व्हिडिओचं एक स्थिरचित्र आणि खाली क्यूआर. दुसरा इलाज नाही.

शाईचे हात: छापखान्यात देणार असशील तर थांब. क्रोमची पीडीएफ आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) येते, आम्हाला सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) लागतं. जांभळा हमखास मळकतो. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. चार रंगांत फोडला आणि प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. आणि १२०० पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ४ इंच! पानभर ताणून आणणारे रोज भेटतात.

प्रश्नकर्ता: वेलांटी जागेवर आली! काकूला घरच्या प्रिंटरवर काढून दिलं. तिने क्यूआरवर बोट दाबून पाहिलं, म्हणाली, "वाजत नाही रे."