नगरसेवक नसलेली चार वर्षं: तुमचे अनुभव सांगा

७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या पावणेचार वर्षांहून जास्त काळ २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. कुठला पक्ष चांगला हा वाद इथे नको. तुमचं गटार, पाणी, दाखले यांचं काय झालं आणि तुम्ही कोणाचं दार ठोठावलंत, एवढंच लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही भाड्याच्या घरात आलो. भाडेकरार माझ्या नावावर, लाइट बिल घरमालकाच्या. आईच्या आधारवर नवा पत्ता घालायचा तर पुरावा काय? नगरसेवकाचं छापील नमुन्यावरचं पत्र चालतं, पण नगरसेवकच नाही. 'माजी'ची सही चालत नाही. मग आमदारांचं कार्यालय. मुंबईत आमदार ३६, नगरसेवक २२७. म्हणजे साधारण सहा जणांकडे विभागली जायची ती गर्दी आता एकाच दारात. तिसऱ्या फेरीला आई म्हणाली, "राहू दे रे, मला कुठे आता विमानाने जायचंय."

खिंडीपाड्याची
आमच्याकडे म्हण थोडी बदलून वापरतात: प्रकल्प उशाला, कोरड घशाला. शहराचं पाणी शुद्ध होतं ते भांडुप संकुल आमच्या शेजारी, आणि आम्ही डोंगरउतारावर हंडे लावून बसलेले. वरच्या घरांना दाब पुरत नाही. आमच्या लेखी पालिका म्हणजे चावीवाला. तो व्हॉल्व्ह किती आटे उघडतो आणि किती वेळ ठेवतो, यावर आमचा दिवस ठरतो. पूर्वी पाणी आलं नाही की बायका नगरसेवकाच्या घरी जाऊन बसायच्या, तो फोन लावायचा, चावीवाला धावत यायचा. २०२२ नंतर आम्ही चावीवाल्यालाच गाठायला लागलो. हळदीकुंकवाला त्याच्या बायकोला बोलावलं, मुलाच्या बारावीचे पेढे खाल्ले. पाणी बऱ्यापैकी वेळेवर यायचं! पण त्याची बदली झाली आणि आमचं सगळं राजकारण पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मुलुंडचे आजोबा
मला तरी काही अडलं नाही. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार, तक्रारीचा नंबर टिपून ठेवायचा, चौथ्या दिवशी पालिकेच्या टी वॉर्ड ऑफिसात जाऊन उभं राहायचं. दुय्यम अभियंता ओळखीचा झाला. नगरसेवक असताना तोच अभियंता म्हणायचा, साहेबांना विचारून सांगतो.

हिशेब तपासणारा
आजोबा, अभियंता भेटला हे छान, पण पैसे कशावर खर्च होणार हे कोण विचारणार? २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. एरवी तो स्थायी समितीत मांडला जातो, मग सभागृहात पंधरा-पंधरा दिवस भाषणं चालतात. त्यातली निम्मी कंटाळवाणी असतात, मान्य. या वेळी समितीही प्रशासक आणि सभागृहही प्रशासक. स्वतःच मांडायचं, स्वतःच मंजूर करायचं. माझ्या सोसायटीत मी खजिनदार आहे, मला चौदाशे रुपयांच्या मोटार दुरुस्तीवर दीड तास उत्तरं द्यावी लागली.

शाईवाली बाई
मी शाळेत शिकवते, इलेक्शन ड्यूटी चुकत नाही. या वेळचं सांगते. आदल्या दिवशी साहित्य घ्यायची रांग, पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला खोटंखोटं मतदान, साडेसातला दार उघडलं. सर्वांत जास्त वेळ गेला तो नावं शोधण्यात. पालिकेची वेगळी मतदार नोंदणी होत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत चिरतात. चिरताना एका इमारतीचा ए विंग इकडे, बी विंग तिकडे. नवराबायको एकत्र आले आणि बाईंचं नाव रस्त्यापलीकडच्या शाळेत! त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे थांबतील इथे, यांना वाचायचा चष्मा माझ्याकडे आहे."

पालिकेला बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर पेन. नखावर आणि वरच्या कातडीवर चार-चार वेळा घासायचा. संध्याकाळपर्यंत माझीच तीन बोटं काळी. दर दहाव्या माणसाचा प्रश्न, "मॅडम, चिठ्ठी दिसली नाही?" विधानसभेला व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, पाहायची सवय झालेली, पालिकेला ते नव्हतं. समजावून घसा बसला.

सावंतवाडीहून अंधेरी
मी पहिल्यांदाच मुंबईत पालिकेसाठी मत दिलं. गावी आमची नगरपरिषद. तिथे आईबाबा तीन मतं देऊन आले: दोन प्रभागाचे नगरसेवक आणि एक थेट नगराध्यक्ष. ठाण्याच्या मावसभावाला चार नगरसेवकांसाठी चार बटणं दाबायची होती. मुंबईत एकच. मी बटण दाबून उभाच, पुढचं कुठे म्हणून. महापौरही आपण निवडत नाही, नगरसेवक निवडतात. गावचा नगराध्यक्ष मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी गाठता तरी येतो.

परळची, पहिल्या मजल्यावरची
माजींना विसरू नका हो. आमचे माजी चार वर्षं रोज सकाळी गटारावर उभे. पद नाही, निधी नाही, पण सफाई कामगार त्यांचं ऐकायचे. मग नोव्हेंबरात आरक्षणाची सोडत निघाली, प्रभाग महिलांसाठी गेला. २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या, त्यात आमची. आठ दिवसांत बॅनर बदलले. वहिनींचा फोटो पासपोर्टएवढा, भाऊंचा दारएवढा. वहिनी प्रचाराला आल्या तेव्हा मी मुद्दाम त्यांनाच गटाराचं विचारलं. भाऊ उत्तर द्यायला पुढे सरसावले. वहिनींनी हाताने थांबवलं आणि कुठल्या चेंबरचं झाकण तुटलंय ते घरनंबरासकट सांगितलं. मत कोणाला दिलं ते नाही सांगणार.

धागाकर्ता
सगळ्यांचं वाचतोय. आईच्या पत्राचं पुढे काय झालं ते सांगतो: परवा नव्या नगरसेविकांकडे जाऊन आलो. बसवलं, चहा दिला, कागद बघितले. म्हणाल्या, पत्र नक्की देते, पण लेटरहेड अजून छापून आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात या.