छागलांनी १९५८ साली राजदूतपद घ्यायला नको होतं

गिरगावकर: एम. सी. छागलांबद्दल मला मनापासून आदर आहे. टिळकांना शिक्षा झाली त्याच न्यायालयात, टिळकांचे उद्गार कोरलेल्या फलकाचं अनावरण १९५६ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून त्यांनीच केलं. पण १९५८ मध्ये ते न्यायासन सोडून थेट अमेरिकेत राजदूत झाले, हे मला पटत नाही. देशाचे तेव्हाचे महान्यायवादी सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या, कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाचे ते स्वतः सदस्य. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत, ही शिफारस त्याच आयोगाची, त्याच वर्षाची. सेटलवाडांनी आत्मचरित्रात यावर टीका केली ती योग्यच.

जुना वकील: अहो, त्याच वर्षी मुंदडा प्रकरणाची, म्हणजे सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतले त्याची, चौकशी त्यांनी केली. उघड सुनावणी, लोकांना ऐकू जावं म्हणून बाहेर कर्णे. आयुर्विमा महामंडळाच्या पैशांची जबाबदारी त्यांनी अर्थमंत्र्यांवर टाकली आणि कृष्णम्माचारींना जावं लागलं. सरकारला इतकं झोंबणारा अहवाल देणाऱ्याला बक्षीस मिळालं म्हणायचं?

गिरगावकर: बक्षीस मी म्हटलेलंच नाही. सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्या साध्या पक्षकाराचा विचार करा. समोरचे न्यायमूर्ती उद्या दिल्लीकडून पद घेणार असतील, तर त्याचा विश्वास कसा टिकेल? दादरा-नगर हवेलीला भारतातून जाण्याच्या वाटेचा पोर्तुगालचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला, तेव्हा छागला भारताचे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश होते. १९६० साली निकाल लागला तेव्हा ते राजदूतही होते. एकाच माणसाने दोन्ही?

मांडवीकाठ: गोव्याचा म्हणून सांगतो, तो खटला इथे जोडू नका. तदर्थ न्यायाधीश त्या त्या देशानेच नेमायचा असतो. पोर्तुगालनेही फर्नांडिस नेमले होते, आणि दोघांनीही भिन्नमत दिलं.

गिरगावकर: नेमणूक नियमात बसते, मान्य. पण सरकारच्या सेवेत राजदूत झाल्यावरही त्यांनी न्यायाधीश राहायला हवं होतं का?

जुना वकील: पुढचं आयुष्यही मोजा की. १९६७ मध्ये भाषाधोरण पटलं नाही म्हणून परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. आणीबाणीत भले भले गप्प असताना पंचाहत्तरीतला हा माणूस उघडपणे विरोधात बोलला. पदाला चिकटणारा असं करतो?

गिरगावकर: नाही करत. म्हणूनच त्यांचं उदाहरण घेतलं. असा माणूस गेला की पुढे प्रत्येक जण म्हणणार, छागला गेले, मग मी का नको? निवृत्तीनंतर निदान दोन वर्षं सरकारी पद नको, असा कायदाच हवा.

जुना वकील: कायदा करा, माझी हरकत नाही. पण छागला सरकारकडे झुकले असा त्यांचा एक तरी निकाल दाखवा, मगच त्यांना यात ओढा.