संथ, रटाळ आणि ‘अंगावर येणारा’ सिनेमा

सिनेमा कसा वाटला असं कुणी विचारलं की हल्ली एक उत्तर हमखास कानावर पडतं : ‘चांगला आहे, पण संथ आहे.’ यातला ‘पण’ मला खुपतो. संथ असणं हा दोष कधीपासून झाला?

मराठीत ‘संथ’ हा शब्द मुळात तक्रारीचा नाही. पाणी संथ असतं, लय संथ असते, एखाद्याचं बोलणं संथ असतं आणि ते ऐकत राहावंसं वाटतं. गती कमी आहे, इतकंच तो सांगतो. कंटाळा आला हे सांगायला आपल्याकडे वेगळे शब्द आहेत आणि ते भरपूर आहेत. ‘रटाळ’ म्हटलं की तेच ते पुन्हा पुन्हा चाललंय आणि जीव विटलाय हे लगेच कळतं. ‘पाल्हाळिक’ म्हणजे मुद्दा सोडून भलतीकडे पसरत जाणारा. ‘रेंगाळलेला’ म्हणजे जिथून पुढे सरकायला हवं होतं तिथेच घुटमळत राहिलेला. हे तीन वेगवेगळे आजार आहेत. आपण मात्र तिन्हींवर ‘संथ’ अशी एकच चिठ्ठी चिकटवतो आणि जो सिनेमा मुळात आजारीच नाही, त्याच्यावरही तीच चिकटवतो.

मी समीक्षक नाही. वेळ मिळेल तसे सिनेमे बघते, आवडलेले पुन्हा बघते. नुकताच चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला. 2014 साली व्हेनिसला गाजलेला आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा सिनेमा. तो संथ आहे यात वादच नाही. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी स्थिर उभा असतो, माणसांच्या जवळही फारसा जात नाही. सरकारी वकील कायद्याची कलमं सपाट सुरात वाचत जातात, वाचतच राहतात. शेवटाकडे तर न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर अंधार होतो. सिनेमा संपला असं वाटावं इतका वेळ अंधार. आणि मग तो पुढे सुरू होतो, न्यायाधीशांच्या सहलीत.

माझ्यासोबत बघणारी व्यक्ती त्या अंधारात म्हणाली, ‘किती संथ!’ मी त्याच वेळी श्वास रोखून बसले होते. ज्या माणसाचा खटला आपण इतका वेळ बघतोय तो तुरुंगातच आहे आणि न्यायालय सुट्टीवर गेलंय. तो अंधार छोटा केला असता तर हे इतकं लागलं नसतं. दोघांनाही गती सारखीच दिसली, पण एकाला तो रटाळ वाटला आणि दुसरीला खिळवून ठेवणारा. म्हणजे ‘संथ’ हे सिनेमाचं वर्णन झालं, ‘रटाळ’ हे आपल्याला काय झालं त्याचं. दोन्ही सांगायचा आपल्याला हक्क आहे, पण एकाच्या जागी दुसरं सांगितलं की ऐकणाऱ्याची फसगत होते. ज्याला संथ सिनेमे आवडतात तो ‘पण संथ आहे’ ऐकून एक चांगला सिनेमा सोडून देतो. आणि ज्याला कंटाळा आला होता, त्याला तो कशानं आला हे मनाशीही नीट सांगता येत नाही.

उलटही होतं. भरधाव सिनेमे रटाळ असू शकतात. मागच्याच आठवड्यात एक पाठलागपट पाहिला. दर दोन मिनिटांनी गाड्या उलटत होत्या आणि मला जांभया आवरत नव्हत्या. त्याला ‘वेगवान’ म्हणून गौरवणारे पुष्कळ भेटले. वेगवान होताच. रटाळही होता.

तुम्ही हे शब्द कसे वापरता? आणि असे आणखी कुठले शब्द आहेत, ज्यांत सिनेमाचं वर्णन आणि आपला अनुभव यांची सरमिसळ होते?

*

‘अंगावर येणे’ घ्या. माझ्या मते सरमिसळीचं याहून मोठं उदाहरण नाही.

‘पार्श्वसंगीत अंगावर येतं’ असं म्हटलं की ती तक्रार असते : नको तिथे, नको इतक्या जोरात वाजतंय. ‘रंग अंगावर येतात’ म्हणजे भडक आहेत. पण ‘शेवट अंगावर येतो’ म्हटलं की ती दाद असते. शब्द तेच, रूप तेच, अर्थ टोकाचे विरुद्ध.

फरक कशाने पडतो? मला वाटतं, दोन्हीकडे मूळ चित्र एकच आहे : समोरची गोष्ट तिची मर्यादा ओलांडून आपल्यापर्यंत येते. संगीताने, रंगाने, संवादाने आपली पायरी सोडली की ते आक्रमण वाटतं. पण आपण सुरक्षित अंतरावरून बघत होतो आणि सिनेमाने ते अंतरच काढून घेतलं, तर ते त्याचं यश. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त तर हे शब्दशः घडतं. इतका वेळ सगळ्यांचं हसू सोसत आलेला जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तिथेच सिनेमा संपतो. दगड खाणाऱ्यांत आपणही आहोत हे कळायला एक क्षण जातो. ‘अंगावर येणे’ याचा वाच्यार्थ आणि लक्षणार्थ मी इतका एकत्र दुसरीकडे पाहिलेला नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की नुसतं ‘अंगावर आला’ म्हणू नये, काय अंगावर आलं ते सांगावं. ‘संगीत अंगावर येतं’ आणि ‘शेवट अंगावर येतो’ ही वाक्यं कर्त्यामुळे स्वच्छ होतात. नुसत्या ‘सिनेमा अंगावर येतो’ने काहीच कळत नाही.

जाता जाता : ‘अंगावर काटा येतो’ वेगळा, त्यात कसलीही गफलत नाही. ती निखळ दादच. काहीजण दोन्ही एकच समजून वापरतात, ते टाळायला हवं.

*

कर्ता सांगण्याची सूचना एकदम पटली. त्यावरून ‘ताणणे’ आठवलं. ‘उगाच ताणलाय’ ही शिवी, ‘ताण टिकवून ठेवलाय’ ही शाबासकी. इथे मात्र भाषेनेच व्यवस्था लावून दिली आहे. क्रियापद आलं की दिग्दर्शकाने ओढाताण केली, नाम आलं की ती अवस्था सिनेमात आपसूक आहे. ‘ताणलेला प्रसंग’ आणि ‘ताण असलेला प्रसंग’ यांत कुणाचाही गोंधळ होत नाही. ‘संथ’लाही अशी जोडी होती, ती आपण वापरायची सोडली. जुन्या पिढीतली माणसं ‘ठाय लयीतला सिनेमा’ म्हणत, मी घरी ऐकलंय. गाण्यातला शब्द, ठाय म्हणजे संथच, पण त्यात एक आदर आहे. लय ठाय असली तरी लय आहे, हे त्यात मान्य केलेलं असतं.

*

मी नाटकवाला आहे, त्यामुळे माझी तक्रार ‘नाटकी’ या शब्दाबद्दल. सिनेमावर बोलताना हा इतक्या सहज वापरला जातो की दर वेळी लागतो. ‘अभिनय नाटकी आहे’ म्हणजे खोटा, ओढूनताणून आणलेला. अख्ख्या एका कलेचं नाव आपण दोषासाठी वापरतो.

गंमत बघा, त्याच धातूचे बाकीचे शब्द स्तुतीचे आहेत. ‘नाट्यमय वळण’, ‘नाट्यपूर्ण प्रसंग’. तिथे नाटकाकडून उसनं घेतलेलं चालतं. म्हणजे प्रसंगात नाट्य हवं, माणसात नको, असा काहीसा संकेत या शब्दांनी आपसांत ठरवून घेतलेला दिसतो.

दोषाचं मूळ मला कळतं. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज आणि हावभाव पोचवावे लागतात. कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो, तिथे तोच आवाका मोठा दिसतो. बोलपट सुरू झाले तेव्हा रंगभूमीवरची मंडळी पडद्यावर आली, खुद्द बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली. दोन माध्यमांची मापं वेगळी असल्याचा प्रश्न त्या सगळ्यांसमोर होता. पण तो मापाचा प्रश्न आहे, खोटेपणाचा नाही. पुढच्याच वर्षी आलेला ‘संत तुकाराम’ बघा. विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवरूनच आलेले. त्यांचा तुकाराम किती कमी करतो! डोळे अर्धवट मिटलेले, हात चिपळ्यांवर, आणि समोर गौरीबाईंची जिजाई तोंडाचा पट्टा सोडून उभी. तिचा आवाज मोठा आहे, हातवारे मोठे आहेत, पण त्यांतला एकही खोटा नाही. संसार चालवणाऱ्या बाईचा राग तेवढाच मोठा असणार. तिला ‘नाटकी’ म्हणायला कुणाची जीभ धजावेल?

म्हणून अभिनय खोटा वाटला तर ‘खोटा’ म्हणा, ‘कृत्रिम’ म्हणा, ‘बेगडी’ म्हणा. आवाका जास्त वाटला तर ‘ढोबळ’ किंवा ‘बटबटीत’ म्हणा. हे दोन निराळे आक्षेप आहेत. ‘नाटकी’ म्हटल्यावर तुम्ही यांतला नेमका कोणता घेताय हे कळत नाही आणि वर आमची बदनामी होते ती वेगळीच.

*

थोडं तांत्रिक. ‘अर्धा तास कापायला हवा होता, संकलन फसलंय’ हे वाक्यही ‘संथ’च्याच जातीचं आहे. संकलन म्हणजे नुसतं कापणं नव्हे. शब्दातच ‘एकत्र करणं’ आहे : चित्रित झालेल्या तुकड्यांतून कुठला घ्यायचा, कशाला कशाच्या शेजारी ठेवायचं, किती वेळ ठेवायचं. एखादं उपकथानकच अनावश्यक असेल तर तो पटकथेचा दोष, संकलकाच्या माथी मारू नये. प्रसंग गरजेचा आहे पण संपल्यावरही कॅमेरा तिथेच थांबलाय, असं असेल तर संकलनावर बोलावं. आणि गोष्ट आवडली पण सांगण्याची रीत आवडली नाही, तर ‘कथा चांगली, पटकथा फसली’ एवढं पुरे. कथा म्हणजे काय घडलं, पटकथा म्हणजे ते प्रेक्षकाला कुठल्या क्रमाने कळलं.

*

‘नाटकी’बद्दलचं म्हणणं मनापासून पटलं. जिजाईचं उदाहरण वाचल्यावर आता तो शब्द सहज तोंडातून निघणार नाही.

आता एक शेवटचा, ज्याचं उत्तर मला खरंच हवंय : ‘बघवत नाही’.

फसलेल्या सिनेमाबद्दल आपण म्हणतो, ‘अर्ध्यावर बंद केला, बघवत नव्हता.’ आणि ‘सैराट’च्या शेवटाबद्दलही हेच म्हणतो. तिथे आवाजच काढून घेतलेला आहे. रडणारं मूल दिसतं, रडणं ऐकू येत नाही, आणि लहानशी रक्ताळलेली पावलं उमटत जातात. मी तो सिनेमा जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा त्या जागी मान खाली गेली. बघवत नाही. पण दुसऱ्याला मी तो बघच असं सांगते.

‘मला बघवत नाही’ हा प्रयोगच असा आहे की त्यात मी बघायचं नाकारत नाही, मला ते जमत नाही. ‘खाववत नाही’, ‘चालवत नाही’, ‘बोलवत नाही’, सगळे याच घडणीचे. माझी शक्ती तोकडी पडते, एवढंच ते सांगतात. का पडते ते सांगत नाहीत. कर्ता सांगण्याचा उपाय इथे लागू होत नाही, कारण दोन्हीकडे कर्ता सारखाच असू शकतो. ‘शेवट बघवत नाही’ म्हटलं तर शेवट भिकार आहे की विदारक, हे वाक्यातून कसं कळावं?

*

वाक्यातून नाही कळत, शेजारच्या वाक्यातून कळतं. भिकार सिनेमाबद्दल ‘बघवत नाही’ म्हणणारा माणूस तिथेच थांबत नाही, लगेच कारणं मोजायला लागतो : गाणी नको तिथे, संवाद तसले, नायकाचं वय काय, भूमिका काय. त्याचं बोलणं मोकळं होतं. विदारक प्रसंगाबद्दल बोलणारा कारण देत नाही, प्रसंग सांगतो. तुम्हीही आत्ता तेच केलंत, आवाज काढून घेतलाय, मूल, पावलं.

तरी लिहिताना एवढी सोय करता येईल : जिथे दोष आहे तिथे ‘बघण्यासारखा नाही’ लिहावं. तो सिनेमाबद्दलचा निवाडा आहे आणि त्याची जबाबदारी सिनेमावर टाकता येते. ‘बघवत नाही’ मात्र ज्या दृश्यापुढे आपण कमी पडलो, त्यासाठी राखून ठेवावं. म्हणजे ‘सैराट’चा शेवट बघण्यासारखा आहे आणि बघवत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता येतील.