विषय: मोठ्या कारखान्यांवरचा कार्बन टॅक्स, पटतो पण पैसा जातो कुठे

चोपड्याची ताई, मेलबर्न

सगळ्यांना नमस्कार,

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) जेवणात सुरू झालेला वाद हॉलची वेळ संपली म्हणून अर्धाच राहिला, तो इथे पुढे नेते. मला अजूनही वाटतं की इथला, ऑस्ट्रेलियाचा, कार्बन टॅक्स रद्द करायला नको होता. १ जुलै २०१२ ला कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २३ डॉलरने सुरू झाला आणि जुलै २०१४ मध्ये गेलाही, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. तो थेट तुमच्या-माझ्यावर नव्हताच, काहीशे मोठ्या प्रदूषण करणाऱ्यांवर होता, वीज केंद्रं, खाणी, स्टील, सिमेंट असले. त्यांनी तो बिलातून आपल्याकडे ढकलला हे खरं, पण म्हणूनच अर्ध्याहून जास्त पैसा घरांना परत देण्याची सोय केली होती ना! इन्कम टॅक्सची टॅक्स-फ्री लिमिट ६,००० डॉलरवरून १८,२०० झाली ती त्याच पॅकेजमधून, आणि कार्बन टॅक्स गेला तरी ती लिमिट राहिली. आपल्या लोकांना लाईटचं वाढलेलं बिल तेवढं आठवतं, हे कोणाला आठवत नाही.

जो धूर सोडतो त्याने भरावं, यात चुकीचं काय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा. रावेरचे दादा सध्या गावी आहेत, त्यांनीही लिहावं.

रावेरचे दादा, सध्या गावी

ताई, नमस्कार. तत्त्व म्हणून मला शंभर टक्के पटतं, पण मनापासून हो म्हणवत नाही, का ते सांगतो.

इथे पारा ४५ च्या आसपास आहे. सकाळी सहाला भावासोबत बागेत जातो आणि दहानंतर तिथे उभं राहवत नाही. निसवलेली केळीची बाग आहे, घड लोंबतायत आणि पश्चिमेच्या कडेच्या ओळींची पानं करपून गेलीत, हात लावला की चुरा होतो. बागेला पाणी रोज आहे तरी दांडा उन्हाने नरम पडतो आणि अख्खा घड वजनाने सटकून खाली येतो, असा माल व्यापारी बघतही नाही, गुरांपुढे टाकायचा. भावाने कडेला हिरवी नेट बांधली, वारा अडवायला गवत लावलं, जे जमेल ते सगळं करतोय. आता याच एका उन्हाळ्याचं खापर कार्बनवर फोडता येत नाही, खान्देशात मे महिना कायमच भाजून काढणारा. पण असे दिवस वाढत चाललेत हे इथला प्रत्येक केळीवाला सांगेल, आणि त्याने काय असा धूर सोडला होता? म्हणून ताई, तुमचं पटतं.

माझं 'पण' पुढे आहे. हा प्रयोग आपल्याकडे आधीच होऊन गेलाय, फक्त कोणी त्याला कार्बन टॅक्स म्हटलं नाही. २०१० ला केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, लावला, मग १०० झाला, २०० झाला, २०१६ ला ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून खास फंड काढला होता. २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींच्या वर जमा झाले, त्यातले फंडात पोचले २९ हजार कोटींच्या आसपास आणि प्रकल्पांवर लागले १६ हजार कोटीसुद्धा नाहीत. २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेस राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला. सप्टेंबर २०२५ ला तो काढूनच टाकला आणि कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के केला, म्हणजे आता तो पैसा सरळ तिजोरीत, स्वच्छ हवेचं नावही उरलं नाही. एवढ्या वर्षांत कोळशाच्या आसपासच्या गावांना किंवा उन्हात जळालेल्या बागेला त्यातलं काय मिळालं? मला राग टॅक्सचा नाही, ज्या नावाने घेतला त्या कामाला लावला नाही याचा आहे.

भुसावळचा भाऊ, लॅट्रोब व्हॅली

ताई, दादा, रामराम. मी सहसा लिहीत नाही पण हा विषय माझ्या घरातला आहे. वडील भुसावळजवळ दीपनगरच्या कोळशाच्या वीज केंद्रात नोकरीला होते, आम्ही वसाहतीत वाढलो, माझं इंजिनिअरिंग त्या कोळशाच्या पगारावर झालं. आणि नशीब बघा, इथे येऊन राहिलो तेही कोळशाच्याच खोऱ्यात.

त्यामुळे 'बडे प्रदूषक' असं कोणी म्हटलं की तुम्हाला कंपनी दिसते आणि मला माणसं दिसतात. इथलं हेझलवूडचं कोळशाचं वीज केंद्र पन्नास वर्षांहून जुनं, बंद होणार हे नोव्हेंबर २०१६ ला जाहीर झालं आणि मार्च २०१७ ला बंद झालंही. पाच महिने! तेव्हा कार्बन टॅक्स जाऊन अडीच वर्षं झाली होती, म्हणजे टॅक्स काढला तरी ते वाचलं नाही, हे ताईंच्या बाजूने सांगतो. पण पाच महिन्यांत माणसाने काय दुसरं काम शिकायचं? हेच उद्या दीपनगरला झालं तर काय, कायम नोकरीवाल्याची कुठे ना कुठे बदली होईल, पण ठेकेदाराच्या माणसाचं काय, राख भरणारे, राखेच्या विटा पाडणारे, गेटसमोर चहाची टपरी लावलेले, यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आणि लोक म्हणतात सोलार येईल, पवनचक्क्या येतील. आल्यात की, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या डोंगरावर जाऊन बघा, शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचं सोलार आहे. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही, पण एकदा उभं राहिलं की तिथे माणसं किती लागतात? पहारा द्यायला आणि पॅनल धुवायला. वीज केंद्रामागे उभा राहतो तसा अख्खा बाजार तिथे उभा राहत नाही.

मी टॅक्सच्या विरोधात आहे असं समजू नका. माझ्या मुलीला दमा आहे, मला धुराचं प्रेम नाही. फक्त वडिलांसारख्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका एवढंच म्हणणं आहे.

चोपड्याची ताई

भाऊ, तुमच्या वडिलांना कोण गुन्हेगार म्हणेल? आमच्या घरातले पंखे त्यांनी चालवले. पण एक विचारते, टॅक्स लावलाच नाही तर त्या ठेकेदाराच्या माणसाला शिकवायला पैसा येणार कुठून? कंपनी जाताना देत नाही आणि सरकार म्हणतं तिजोरी रिकामी आहे. आणि दादा, पैसा पळवला गेला म्हणून घेऊच नये हे मला पटत नाही. कायद्यातच लिहा की एवढा हिस्सा त्याच जिल्ह्यात, कामगारांना आणि शेतकऱ्यांना. मागच्या वेळी जे लिहून घेतलं नाही ते या वेळी लिहून घ्या.

रावेरचे दादा

लिहून घ्या म्हणता ते बरोबर, पण फंडाचं नावही कागदावर होतंच ना ताई. माझं मत असं की पैसा असा दिसेल तिथे लावा की पळवता येणार नाही. काल रात्री दोनला भाऊ बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेला, कारण आमच्या फीडरला, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या लाईनला, लाईट रात्रीची असते. साप-विंचवाच्या दिवसांत हे रोजचं आहे. साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज सरकारने २०२४ पासून फुकट केली, पण फुकट असली तरी ती रात्री दोनलाच येते त्याचं काय करायचं! शेतीला दिवसा सोलारची वीज द्यायची सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, काही गावांना दिवसा वीज मिळायलाही लागली, आमचा नंबर अजून नाही. कोळशावरचा पैसा इथे लावा, आमचा फीडर सोलारवर आणा आणि ते पॅनल बसवायच्या कामावर आधी दीपनगरच्या ठेकेदारीतली माणसं घ्या, मग मी टनाला ४०० काय ८०० ला हो म्हणेन आणि गावात पारावर बसून लोकांना समजावूनही सांगेन.

भाऊ, मी शुक्रवारी भुसावळला येतोय, वसाहतीत तुमचे वडील ज्यांच्यासोबत होते त्यांच्यातलं कोणी अजून तिथे असेल तर नंबर मला वेगळा मेल करा. भेटून विचारतो, टॅक्स आला तर त्यांना काय हवंय ते.